एकच चूल

तिसऱ्या गल्लीतली बावीस घरं मोजून झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ‘चुली’ या रकान्यात मी बावीस वेळा ‘एक’ लिहिलं आहे. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत सगळी वाचनं इतकी सारखी आली, तर सर आधी उपकरण तपासायला लावत.

२००८ साल होतं. नदीकाठच्या या वस्तीच्या जागी चार मजली घरकुलं होणार होती आणि मी पाहणीच्या कामावर होते. नियम साधा होता : एका चुलीला एक घर. यादी त्याच संध्याकाळी बंद होणार होती.

तेविसावं घर कुसाबाईंचं. त्या फुलबाजारात झेंडू-शेवंती विकत. दहा बाय बाराच्या खोलीत त्या, मुलगा महेश, सून प्रतिभा आणि दोन नाती. महेश कामावर गेला होता. दारात शेजारच्या धोंडाबाई दोघीतिघींना घेऊन उभ्या होत्या.

“चुली किती?”

“एकच. लिही.”

पत्र्याच्या भिंतीवर काजळीचे दोन डाग होते. एक मागच्या कोपऱ्यात, दुसरा खाटेजवळ. दुसऱ्याला बोट लावलं तर काळं झालं.

“मावशी, हा कशाचा?”

“दिव्याचा.”

“दिव्याची काजळी गुडघ्याच्या उंचीवर नसते.”

“लय शिकलीय गं पोरगी,” धोंडाबाई हसल्या.

मी नियम पुन्हा सांगितला. स्वयंपाक वेगळा असेल तर दोन घरं मिळतील, आज एक लिहिलं तर एकच.

“म्हंजी माझं घर फुटलंय, असं लिहून देऊ तुला?” कुसाबाईंचा आवाज चढला. “सून माझ्या हातचं खाती. विचार कुणालाबी.”

प्रतिभा हार ओवत बसली होती. तिने सुई दोऱ्यासकट टोपलीत टोचून ठेवली.

“दोन वर्षं झाली, ताई. दोन्ही स्टो आम्ही एकाच टायमाला पेटवतो. बाहेर एकच आवाज जावा म्हणून.” मग सासूकडे वळून म्हणाली, “आत्याबाई, थोरली बारा वर्षांची झाली. खाटेआड कपडे बदलती. मला ते घर पाहिजे.”

कुसाबाईंनी दाराकडे पाहिलं. तिथून कोणी हललं नाही.

प्रतिभाने खाटेखालचा स्टो ओढून दारासमोर ठेवला, पिन मारली, काडी लावली, पंप मारला. स्टो फरफरू लागला. त्यावर तिने काहीच ठेवलं नाही.

बराच वेळ तो नुसताच जळत राहिला. मग कुसाबाई उठल्या. कोपऱ्यातला आपला स्टो उचलून त्यांनी सुनेच्या स्टोशेजारी आणून ठेवला.

“राकेल फुकट जाळू नको. चहा टाक. मी माझा टाकते.” आणि पंप मारता मारता त्या दाराकडे न बघता म्हणाल्या, “धोंडे, बघतीस काय? जा, सांग गल्लीभर.”

मी ‘दोन’ लिहिलं आणि दोन फॉर्मवर दोघींचे अंगठे घेतले. दोघींचेही फुलांनी पिवळे होते.

चोविसाव्या घराकडे वळले तर मागून धोंडाबाई आल्या. आवाज एकदम खाली.

“ताई, माझा कागद काढ ना परत. आमच्यात तीन हायेत.”

मी पहिल्या घरापासून पुन्हा सुरुवात केली.