बेचाळीस गाठी

सुताराने दोर तिसऱ्यांदा मोजला, टेप खटकन मिटवली आणि कानामागची पेन्सिल काढून फळीच्या तुकड्यावर आकडा लिहिला. आकडा पुन्हा तोच आला होता.

"सदतीस फूट नऊ इंच," तो म्हणाला.

"बेचाळीस," बाई म्हणाल्या. "अहो मिस्त्री, चार-दोन इंच इकडेतिकडे झाले तर समजू शकते. तुम्ही तर चार फूट गिळून बसलात."

"गाठी बेचाळीसच आहेत, बाई. दोनदा मोजल्या. पण मला काचपेटी फुटांत करायचीये, गाठींत नाही."

सुतार सरळ माणूस होता, आणि सरळ माणसाशी भांडण्यात काही राम नसतो. कपडे बदलण्याच्या जुन्या खोलीत प्रदर्शन मांडायचं घाटत होतं. कुंडाला शंभर वर्षं पूर्ण होणार होती, म्हणजे कुंडाच्या मंडळाच्या सेक्रेटरीने तसं ठरवलं होतं. झरा केव्हापासून वाहतोय ते कोणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. पूर्वी तिथे लोक नुसते गुडघे शेकायला यायचे. पाणी बारा महिने कोमट, क्षारांनी जड आणि वासाला उकडलेल्या अंड्यासारखं. मग कोणीतरी कठडा बांधला, कोणीतरी उडी मारायची फळी बसवली, आणि गुडघेवाल्यांना कोपऱ्यात सारून पोहणारे आत शिरले.

उड्यांचाही कंटाळा आला तेव्हा त्यांचं लक्ष झऱ्याच्या तोंडाकडे गेलं. कुंडाच्या एका टोकाला विहिरीसारखी उभी कपार होती आणि तिचा तळ कोणी पाहिला नव्हता. कपारीत दगड बांधलेला दोर सोडायचा, दर फुटाला एक गाठ मारलेला. बुडी मारणाऱ्याने दोर धरून उतरायचं, जमेल तिथल्या गाठीला मनगटावरची फीत बांधायची आणि वर यायचं. मग दोर ओढून गाठी मोजायच्या. फूट हा शब्द तिथे कोणी काढतच नसे. "किती गाठी?" एवढंच विचारायचे, आणि उत्तरावरून माणसाची किंमत ठरायची.

बाईंचे वडील बेचाळीस गाठी उतरले त्याला आता छप्पन्न वर्षं झाली. तेव्हापासून लोकांनी त्यांचं खरं नाव टाकूनच दिलं. बाजारात बेचाळीस, दवाखान्यात बेचाळीस, कुंडावरच्या पोरांचे बेचाळीस आजोबा. त्यांनीही ते कधी वाईट वाटून घेतलं नाही; ठेवणीतला सदरा मिरवावा तसं ते नाव मिरवलं. येत्या रविवारी त्यांच्याच हस्ते प्रदर्शन उघडायचं होतं. सुतार जी लाकडी फळी कोरणार होता तिच्यावर सगळ्यांत वर त्यांचा आकडा येणार होता आणि त्याच्याखाली बाईंचा, चाळीस.

बाई सतरा वर्षांच्या असताना चाळीस गाठी उतरल्या होत्या. त्याच वर्षी, त्या बुडीच्या जरा आधी, वडिलांनी जुना सुती दोर काढून नायलॉनचा नवा बांधला होता, कारण कुंडाची देखभाल तेव्हा त्यांच्याकडेच होती. पोरीने चाळीस गाठल्या म्हणून जो तो कौतुक करत होता, पण बाईंचं त्यावर भागेना. उरलेल्या दोन गाठींनी त्यांचा दोन वर्षं पिच्छा पुरवला. एकोणिसाव्या वर्षी, हंगामाच्या शेवटच्या सकाळी, नाक चोंदलेलं असताना त्या पाण्यात उतरल्या. वडील काठावरून "नको, आज नको" म्हणत राहिले. पडसं असलं की खोलवर कानातला दाब सोडता येत नाही, हे बाई आता प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी दरडावून सांगतात. छत्तिसाव्या गाठीला त्यांच्या डाव्या कानात आतवर काहीतरी फाटलं. पुढे डॉक्टर झाले, औषधं झाली, पण तो कान गेला तो गेलाच.

बाईंनी त्याचा दोष कोणाला दिला नाही. बापाचं ऐकलं नाही, त्याची शिक्षा मिळाली, असं त्या चारचौघांत हसून सांगत. वडील मात्र त्या दिवसापासून कायम त्यांच्या उजव्या बाजूला असत. रस्त्याने चालताना, जेवायला बसताना, पाहुण्यांत, कुठेही. एकोणचाळीस वर्षांत त्यांची बाजू एकदाही चुकली नाही. बाईंना या गोष्टीचं फार अप्रूप होतं आणि त्या ती अभिमानाने सांगत.

"सुती दोर ना हा?" सुताराने दोराचं टोक बोटांत चुरून पाहिलं. "मग आटलाय, दुसरं काय. सुती दोर पाण्यात पडला की पहिल्या दोन-चार महिन्यांतच काय ते आटून घेतो. आणि तुमच्या पाण्यातले क्षार बसून याची नुसती काठी झालीये. बेचाळीसवाली बुडी झाली तेव्हा किती जुना होता हा?"

"पाच वर्षांचा," बाई म्हणाल्या, आणि बोलून गेल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळलं.

त्यांनी खुंटीवरचा नायलॉनचा दोर काढून सुतारापुढे टाकला. "हा मोजा. चाळिसाव्या गाठीपर्यंत."

सुताराने मोजला. "चाळीस फूट. वर अर्धा इंच. बांधणाऱ्याने चांगली टेप लावून बांधलाय."

हिशेब सुताराने बोलून दाखवला नाही आणि बाईंनाही त्याची गरज पडली नाही. सतराव्या वर्षीच त्या बापाच्या दोन फूट खाली जाऊन आल्या होत्या. आणि एकोणिसाव्या वर्षी कान घालवला तो जे आधीच मिळालं होतं ते मिळवण्यासाठी.

बाईंना राग आला. आधी दोराचा आला, मग कुंडावरच्या सगळ्या शहाण्यांचा. इतक्या वर्षांत एकालाही दोराला टेप लावायची बुद्धी होऊ नये? मग त्यांच्या मनात आलं की एकाला झाली होती. नायलॉनच्या दोराला टेप लागली होती. आणि नवा दोर बांधायला बसलेला माणूस जुना शेजारी पसरून बघणार नाही, असं कसं होईल?

"फळीवर आकडे घालू ना?" सुताराने विचारलं.

"जरा थांबा. मी येते."

वडील रोजच्या जागी, पायरीवर बसून कोमट पाण्यात पाय सोडून होते. मुलीला पाहून त्यांनी आपल्या डाव्या हाताची जागा थोपटली. बाई बसल्या.

"सेक्रेटरी म्हणतोय पाच मिनिटं बोला," वडील म्हणाले. "पाच मिनिटांत काय होतंय? मी तर कपारीच्या तोंडाशी पोचेपर्यंतच पाच मिनिटं घेणार."

"बाबा, तुम्ही नायलॉनचा दोर बांधलात, तेव्हा जुना शेजारी धरून पाहिला होता का?"

"हे आज कुठून काढलंस?"

"सुताराने मोजला. बेचाळीस गाठी सदतीस फूट नऊ इंच भरल्या."

पलीकडे उथळ पाण्यात दोन बायका गुडघे शेकत गप्पा मारत होत्या. वडिलांनी पाय पाण्याबाहेर काढले आणि टॉवेलने पुसले, एकेक बोट सुटं करून. मग कठड्याला धरून उठले. विषय टाळून घरी निघाले, असं बाईंना वाटलं आणि त्यांचा जीव कडू झाला. पण ते घरी गेले नाहीत. ते बाईंच्या पाठीमागून वळसा घालून आले आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसले.

तिथे बसून ते काहीतरी बोलले. बाईंना गालावर त्यांचा श्वास जाणवला आणि डोळ्यांच्या कडेला हलणारे ओठ दिसले. दोन-तीन वाक्यं असावीत. बोलून झाल्यावर त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तोही दिसलाच.

क्षणभर बाईंना वाटलं, राहू दे. शहाऐंशी वर्षांचा माणूस, रविवारी त्याचा समारंभ. मग त्यांना नाक चोंदलेली ती सकाळ आठवली.

"बाबा," त्या म्हणाल्या, "इकडे या. या कानात सांगा."

वडील पुन्हा कठडा धरून, गुडघ्यांवर हात टेकत उठले. तेवढ्याच वळशाला या वेळी दुप्पट वेळ लागला. बाईंनी हात पुढे केला नाही. ते उजव्या बाजूला येऊन बसले आणि पाण्याकडे बघत बोलले.

"शेजारी धरला होता. ठाऊक होतं मला. तू चाळीस गाठींवरून वर आलीस तेव्हाही ठाऊक होतं, आणि पडसं घेऊन उतरलीस त्या सकाळीही. एक वाक्य बोललो असतो तर तू उतरली नसतीस. मी नुसतं नको म्हणालो."

"ऐकू आलं," बाई म्हणाल्या, आणि सुताराला फुटांचे आकडे सांगायला उठल्या.