आईची पाठ

तिला सगळे पत्रेवाली म्हणायचे, आणि तिची शिल्पं बोलतात म्हटल्यावर लोक आधी हसायचे. हसेनात का. तांब्याचा पत्रा ठोकून आकार द्यायचा, मागे छोटा स्पीकर बसवायचा, की आवाजाबरोबर अख्खा पत्रा थरथरतो. हात ठेवला तर बोलणं तळव्याला लागतं. तिच्या बाबांना मात्र या उद्योगाचं कौतुक नव्हतं. "लोकांच्या पोरी संसार थाटतात, आमची पत्रे ठोकते," हे त्यांचं ठरलेलं.

पण आई गेली आणि बाबांची झोपच उडाली. बेचाळीस वर्षं ते आईच्या दम्याशेजारी झोपले होते. तिची घरघर चालू असली की बाबा बिनघोर. जरा थांबली की उठून बसायचे. आता ती थांबली ती थांबलीच, आणि बाबा नुसते बसून राहू लागले. शेवटी आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लेकीला काम सांगितलं. "तिचा आवाज आहे ना तुझ्याकडे? कर काहीतरी. झोपताना तिची पाठच असायची माझ्याकडे, तिचं माप मी देतो."

बाबा शिंपी. आईचे कपडे तेच शिवायचे, त्यामुळे माप तोंडपाठ. उजवा खांदा अर्धा इंच उतरता, हेसुद्धा सांगितलं. दोन महिने खपून पोरीने पाठ घडवली. रेकॉर्ड केलेला आवाज एकुलता एक होता: आजारपणात आईने बाबांच्या गोळ्यांच्या वेळा सांगितल्या होत्या, तो. त्यात पंख्याची खरखर होती. ती काढायची तर कॉम्प्युटरला नमुना लागतो. कोणी बोलत नाही असा तुकडा दाखवला, की तो तसलं सगळं पुसून टाकतो. तिने हे हजारदा केलेलं. दोन वाक्यांमधली जागा निवडली, पुसलं आणि सवयीने जुन्यावरच सेव्ह केलं. दोन प्रती ठेवल्या की घोळ होतो, हा तिचा नियम. आग लागो त्या नियमाला.

दुपारी बाबा वर्कशॉपमध्ये आले. आधी टेपने पाठ मोजली, "बरोबर" म्हणाले आणि स्टूल ओढून पत्र्याला कान लावला. तिने बटण दाबलं.

"सकाळची गोळी जेवणाआधी." आई बोलली. आवाज स्वच्छ, खणखणीत. मग शांतता. मग पुढचं वाक्य, पुन्हा शांतता. दर शांततेत बाबा श्वास रोखून बसत होते.

"इथे ती दम घेते," ते म्हणाले. "कुठे गेला?"

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. कोणी बोलत नव्हतं त्या तुकड्यात पंख्यासोबत आईची घरघर होती, आणि तिनेच ती कचरा म्हणून दाखवली होती. लहानपणी याच घरघरीला वैतागून ती कानावर उशी दाबून झोपायची.

"बाबा, पुसला मी. चुकून. आता कुठेच नाही."

बाबा चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पुन्हा कान लावला आणि सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

"दमा नाही राहिला," ते म्हणाले. "बरी झाली म्हणायची."

तिला रडू आवरेना. बाबांनी टेप गुंडाळून खिशात टाकली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"काम छान केलंयस गं. पण बरी झालेली मी तिला कधी पाहिलीच नाही. ही कोणी दुसरीच बाई आहे. हिच्याशेजारी मी कसा झोपू?"