घरचा आहेर

चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला लिहायची हौस कशाला, असं माझी बायको विचारायची. मी म्हणायचो, गिऱ्हाईक नसतं तेव्हा काय करू? ती म्हणायची, काचा पुसा.

मी दर रविवारी इंटरनेटवर एक पान लिहितो. नाव 'किडुकमिडुक'. त्यात मोठं काही नसतं. आठवड्यात कुठलं नवं यंत्र आलं, त्यातलं मला काय पटलं आणि काय नाही. मग माझ्या जुन्या कॅल्क्युलेटरांची हकिकत, कारण ते गोळा करायचा मला नाद आहे. त्याखाली इंटरनेटवर सापडलेली एखादी गंमत. कुणी रस्त्यावर एकेकटे पडलेले हातमोजे दिसतील तिथे फोटो काढून ठेवतो, कुणी लिफ्टच्या बटणांचे आवाज जमवतो, असलं काहीतरी. आणि सगळ्यात खाली एक ओळ बायकोची. तिला मी 'घरचा आहेर' म्हणायचो.

ते आपोआप सुरू झालं. घडी होणाऱ्या फोनबद्दल लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं, तर भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "घड्या घालायची एवढी हौस आहे तर दोरीवरचे कपडे पडलेत." मी ते तसंच खाली टाकलं. त्या रविवारी पहिल्यांदाच लोकांनी काहीतरी लिहून पाठवलं, आणि सगळं कपड्यांबद्दल. फोनबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

तेव्हापासून हीच पद्धत पडली. सकाळी मी वाचायचो, ती मान वर न करता एक वाक्य फेकायची, मी ते टाइप करायचो. बोलणाऱ्या फ्रिजबद्दल लिहिलं तेव्हा म्हणाली, "बोलू दे की. रात्री साय कोण खातं ते तरी कळेल." हातमोज्यांबद्दल म्हणाली, "दुसऱ्यांचे हरवलेले बघत बसलेत. स्वतःचे मोजे कुठायत ते मला विचारतात." लोक पान उघडून सरळ खाली आहेरावर जात. मला त्याचं वाईट वाटत नसे. थोडं वाटे.

या वर्षाच्या सुरुवातीला ती गेली. आजार बरेच महिने होता, पण ती जाईल असं मला शेवटपर्यंत वाटलं नव्हतं.

काही आठवडे मी लिहिलं नाही. पानावर 'तांत्रिक अडचण' एवढंच टाकलं. मग एका रविवारी रिकामं घर खायला उठलं म्हणून झाडलोट करणाऱ्या यंत्राबद्दल काहीबाही लिहून टाकलं. खाली आहेर नव्हता. तासाभरात लोक सुरू झाले. "अहो चष्मेवाले, आहेर कुठाय? ताट वाढलं आणि मीठ विसरलात." दुसरा म्हणाला, "वहिनी रुसल्या वाटतं. काय केलंत?"

'ती गेली' असं मी टाइप केलं. पुसलं. पुन्हा केलं, पुन्हा पुसलं. लिहिलं असतं तर लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली असती आणि पुढच्या रविवारपासून तिची चौकशी बंद झाली असती. घरात तिचं नाव घ्यायला आता कुणी नव्हतं. पानावर तरी लोक ती स्वयंपाकघरात असल्यासारखं विचारत होते.

तिची जुनी, न छापलेली दोन-तीन वाक्यं माझ्या लक्षात होती. ती वापरली. ती संपल्यावर मी स्वतः करायला लागलो.

ते अवघड नव्हतं. तिची बोलायची रीत मला पाठ होती. पहिले खोटे आहेर बऱ्यापैकी तिखट निघाले. पण हळूहळू काय झालं कोण जाणे, वाक्यं मवाळ व्हायला लागली. मी लिहायला बसलो की ती माझ्या बाजूने बोलायला लागायची. एकदा म्हणाली, "ह्यांच्या कॅल्क्युलेटरांवर धूळ बसली की मलाच चुकल्यासारखं होतं." आणि मग, "ह्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर असला की मला घराची काळजी नसते." हे लिहून झाल्यावर मी ते परत परत वाचलं. बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

त्याखाली एकाने लिहिलं, "वहिनी हल्ली फार गोड बोलतात. तब्येत बरी आहे ना?" पुढे हसरा चेहरा. दुकानात मी एकटाच होतो, तरी माझे कान तापले. मी त्याचं ते वाक्य काढून टाकलं.

सकाळच्या वेळी दुकानात माझी मेव्हणी येऊन बसते. सगळे तिला धाकटी म्हणतात, आता ती साठीची आहे तरी. बहीण गेल्यापासून ती न सांगता यायला लागली. फ्रेमा पुसते, नोंदी करते, माझा डबा उघडून बघते आणि स्वतःच्या डब्यातलं त्यात घालते. ती फोनवर काही वाचत असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

अशाच एका सकाळी एक बाई दुकानात आल्या. सत्तरी ओलांडलेली, हातात कापडी पिशवी, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली.

"किडुकमिडुकवाले चष्मेवाले तुम्हीच ना?"

"हो. तुम्ही?"

"मी बरणी."

मी त्यांना लगेच ओळखलं. आमच्या पानावर त्या नेहमी लिहायच्या, आणि नावाच्या जागी त्यांनी एका काचेच्या बरणीचं चित्र लावलं होतं. मी कॅल्क्युलेटरांचा फोटो टाकला होता, त्यात मागे दुकानाची पाटी आली होती. त्यावरून त्यांनी मला शोधून काढलं.

"बसा, बसा. चष्मा फारच..."

"चष्म्याचं नंतर. वहिनी कुठायत? तुम्हाला भेटायला आले असं म्हटलं तर खोटं होईल."

धाकटी माझ्या मागे फ्रेमा पुसत होती. मी वळलो नाही.

"घरी आहे."

"बऱ्या आहेत ना?"

"हो. मजेत."

मागे फडक्याचा आवाज थांबला.

बरणीबाई बोलतच होत्या. त्यांचे यजमान बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले. पूर्वी विजेची कामं करायचे. बोलणं आता जवळजवळ बंदच, पण रविवारी त्या त्यांना आमचं पान वाचून दाखवायच्या आणि आहेर आला की ते हसायचे.

"तो स्क्रूड्रायव्हरचा होता ना, तो ह्यांनी मला कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहायला लावला. उशाशीच आहे. म्हणाले, 'बघ, तिला कळतं.' मला वाटलं, जन्मभर ह्या माणसाने लोकांच्या घरात उजेड केला आणि मी कधी बरा शब्द बोलले नाही. मग बोलले. ह्या वयात. लाज वाटली हो बोलायला, पण बोलले." त्यांनी डोळे पुसले आणि चष्मा माझ्यापुढे ठेवला. "आता ह्याचं बघा. आणि शनिवारी न्यायला येईन तेव्हा वहिनींना इथे आणून बसवा. नाहीतर मी घरी येऊन धडकेन."

मी त्यांचा नंबर तपासला, फ्रेम निवडून दिली. नोंद धाकटीने केली. बाई गेल्या.

धाकटीने फडकं घडी करून ठेवलं.

"भावोजी, ताई मजेत आहे का?"

मी तिच्याकडे वळलो.

"तू वाचतेस ते?"

"ताईनेच माझ्या फोनवर लावून दिलं होतं. दर रविवारी वाचते."

"मग बोलली का नाहीस?"

"पहिले दोन-तीन तिचेच होते. ओळखले मी. म्हटलं, उरलेसुरले घालताहेत, घालू देत. मग तो स्क्रूड्रायव्हरचा आला. भावोजी, ताई तुम्हाला असं म्हणाली असती ना, तर मी तिला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"ती गेली असं तुमच्याने लिहवत नाही, ते मला कळतं. माझ्याने तिचा नंबर पुसवत नाही. पण तिला अशी गुळमुळीत का केलीत? तिचं तोंड म्हणजेच ती होती. दवाखान्यात नर्सला म्हणाली होती, सुई टोचताय की पत्ता शोधताय. ती बाई तुमच्यासाठी धूळ पुसायला निघाली?"

मी हातातला चष्मा उगाच उलटसुलट करत राहिलो.

"आणि गिझरचा? ताईने सांगितला होता मला. तो का नाही छापलात?" ती म्हणाली.

तो आहेर मला आठवत होता. फोनवरून दिवे लागतात, पडदे सरकतात अशा घराबद्दल मी मोठं कौतुकाने लिहिलं होतं. तेव्हा बायको आजारी होती, आमचा गिझर बंद होता आणि ती पातेल्यात पाणी तापवून अंघोळ करत होती. मी वाचून दाखवल्यावर ती म्हणाली होती, "ह्यांना अख्खं घर फोनवरून चालवायचंय. आमचा गिझर हातानेही चालत नाही." तेवढा एक मी मुद्दाम छापला नव्हता, ती गेल्यावरही वापरला नव्हता. गिऱ्हाइकं वाचतात, बरं दिसत नाही, असं तिला म्हणालो होतो. ती पातेलं उचलून न्हाणीघरात गेली होती.

गिझर अजून बंदच आहे.

शनिवारी बरणीबाई वेळेआधी आल्या. पिशवीतून त्यांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. स्वतः विणलेला हातमोज्यांचा जोड. लाल.

"वहिनींना. एकेकट्या मोज्यांचं वाचलं तेव्हाच सुरू केले होते. आल्यात ना?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सोपं झालं असतं.

"ती नाही," मी म्हणालो. "म्हणजे गेली ती. वर्षाच्या सुरुवातीला."

"कुठे गेल्या?" त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना कळलं. त्या स्टुलावर बसल्या.

"आणि मग आहेर?"

"सुरुवातीचे तिचे होते. नंतरचे मी लिहिले."

"स्क्रूड्रायव्हरचा?"

"माझा."

"स्वतःबद्दल? स्वतःच?"

"हो."

आजवर मला गिऱ्हाइकांनी चोर म्हटलंय, लबाड म्हटलंय, काच महाग लावली म्हणून भांडलेत. पण ह्या बाईने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मला दुकानाचं शटर ओढून घ्यावंसं वाटलं.

"मी ते माझ्या माणसाच्या उशाशी लावलंय," त्या म्हणाल्या.

"मला माफ..."

"चष्मा बसवा."

मी नवा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. दांडी कानामागे नीट बसते का ते बघायला बोटं लावावी लागतात.

"डावीकडे टोचतंय."

मी दांडी गरम करून वाकवली. पुन्हा बसवली. अजून टोचत होतं. पुन्हा वाकवली. त्या ताठ बसून राहिल्या, एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मग उठल्या, हातमोजे उचलले आणि धाकटीपुढे धरले.

"तुम्ही त्यांच्या बहीण ना? वहिनींचं नाक असंच असेल असं वाटलं होतं मला. तुम्ही घ्या."

धाकटीने दोन्ही हातांनी घेतले.

दारात बरणीबाई थांबल्या. "ते कॅलेंडरवरचं काढू की ठेवू?"

"मला नाही सांगता येत."

"मग तुम्हाला सांगता येतं तरी काय हो?" त्या म्हणाल्या आणि गेल्या.

रविवारी मी लिहायला बसलो. बातमी लिहिली नाही, कॅल्क्युलेटर नाही, गंमत नाही. ती गेली, एवढंच सरळ लिहिलं, आणि त्यानंतर मी काय केलं ते लिहिलं. मग एकेक जुनं पान उघडून प्रत्येक खोट्या आहेराखाली 'हा माझा' असं टाइप करत गेलो. धुळीचा होता त्याखाली लिहिताना हात अडला. स्क्रूड्रायव्हरच्या आहेराखाली ज्याचं विचारणं मी काढून टाकलं होतं, त्याचं नाव घेऊन लिहिलं की तुम्ही बरोबर ओळखलं होतंत.

शेवटी आजच्या पानावर घरचा आहेर लिहिला. गिझरचा. खाली लिहिलं, हा तिचा आहे. छापायचा राहिला होता.

हात जोडलेली चित्रं आली, वाटलं होतं तशीच. एकाने लिहिलं, "यापुढे वाचणार नाही." दुसऱ्याने लिहिलं, "लाज वाटायला हवी." मी दोन्ही तशीच ठेवली.

संध्याकाळी बरणीचं चित्र दिसलं.

"ह्यांना सगळं वाचून दाखवलं. मग गिझरवर हसले. कॅलेंडरवर आता तो लिहिलाय. माझे शब्द मी परत घेतलेले नाहीत, ते माझे होते. गिझर दुरुस्त झाला का?"

मी 'हो' असं टाइप केलं. बोट बटणावर गेलं होतं. मग पुसलं, 'नाही' लिहून पाठवलं आणि स्टूल घेऊन न्हाणीघरात गेलो.

वर चढल्यावर लक्षात आलं की घरात स्क्रूड्रायव्हरच नाही. खिशात दुकानातला होता, चष्म्याचे बारीक स्क्रू पिळायचा. गिझरचे स्क्रू त्याला दाद देईनात. मी स्टुलावर तसाच उभा राहिलो.

ती काय म्हणाली असती ते मला चांगलं ठाऊक होतं. ते मी इथे लिहीत नाही.