तहानेवर ठेवलेली बाग

पहाटेचं दव गोठलं आणि धाकटीची संत्र्याची बाग त्या वर्षी ऐन बहरात जळून गेली. घरात जीव लागेना, म्हणून ती थोरल्या बहिणीकडे, उष्ण मुलखात आली. इथली संत्र्याची बाग बघून मात्र ती बांधावरच थबकली. पानं मलूल, कडा वळलेल्या, मातीला भेगा.

"ताई, झाडांचं पाणी का गं तोडलंस?"

"ताण दिलाय. तुमच्याकडे थंडीच झाडांना निजवते; इथे ते पाप आपल्या हातांनी करायचं. तहानली तरच फुलतात. मध्येच पाणी मिळालं की नुसता पाला!"

"मलाही असाच ताण देते ही," भाऊजी म्हणाले. "पण मी मेला अजून फुललो नाही."

"पोटाकडे बघा जरा!" ताई म्हणाली.

पहाटे अंगाला गारवा लागला आणि अर्ध्या झोपेत धाकटीला आपलीच बाग दिसली. शांत, पांढरी, प्रत्येक कळी देवापुढच्या ज्योतीसारखी थरथरणारी. अशा पहाटे तिकडे झाडांवर फवारे सोडतात. पाणी वरच्यावर गोठतं आणि त्या काचेआड कळी सुखरूप राहते. बाग जळाली त्या पहाटे तिला जाग आली नव्हती. "या वेळी उशीर नको रे देवा," म्हणत ती अनवाणी धावली. विहिरीवरची मोटार लावली, हाताला लागला तो कॉक फिरवला. पाणी खळखळत निघालं. तिने डोळे मिटून हात जोडले.

"अगं, काय केलंस हे!"

ताईने कॉक बंद केला, तोवर विहिरीलगतची ओळ पोटभर प्यायली होती. धाकटीला आता कुठे पुरती जाग आली. ताई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने धाकटीचे चिखलाने भरलेले पाय धुतले.

उजाडल्यावर धाकटीने पिशवी भरली. ताईने ती हातातून काढून घेतली.

"फुलं बघितल्याशिवाय जायचं नाही."

ताण संपला, पाणी सुटलं आणि बाग अशी फुलली की उशा-चादरींनाही वास येऊ लागला. विहिरीलगतची ओळ तेवढी हिरवीगार. औषधाला एक फूल नाही. धाकटीची मान वर होईना.

ताईने तिला हात धरून त्या ओळीत नेलं, एक फांदी ओढून गालाला लावली.

"दरवर्षी तहानेने तळमळवते मी यांना. यंदा मावशी आली, यांचं माहेरपण झालं."

त्या गार सावलीत धाकटी आपल्या जळालेल्या बागेसाठी पहिल्यांदाच पोटभर रडली.