बारापर्यंतचं मौन

“सात दिवस म्हणजे सात दिवस, अम्मा. बरं वाटलं तरी मधेच थांबायचं नाही.”

औषधांच्या दुकानातल्या वेंकटरमणने हे सांगितलं त्याला दोन वर्षं होऊन गेली. पायाला गळू झालं होतं, त्याच्या कॅप्सूल होत्या. अन्नपूर्णाबाईंनी मान डोलावली, आणि चौथ्याच दिवशी एकादशी आली. पाण्याचा घोटसुद्धा न घेण्याचा दिवस, कॅप्सूल कशी घ्यायची? द्वादशीला पाहतात तो पायाची सूज बरीच उतरलेली. उरलेल्या कॅप्सूल त्यांनी देवघराच्या खणात, कापराशेजारी, पितळी डबीत ठेवल्या. काही टाकून देणं त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

पुढे ती डबी कधी रिकामी राहिली नाही. घरात जो आजारी पडे त्याचं उरलंसुरलं तिच्यात जाई. दारी कुणी कण्हत आलं की बाई डबी देवापुढे टेकवत आणि चार कॅप्सूल त्याच्या हातावर ठेवत. सगळ्यात जास्त गेल्या त्या हेमावतीला.

हेमावती अड्यारच्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी फुलं विकायची. अन्नपूर्णाबाईंचं रोज दुपारी बारापर्यंत मौन. अठरा वर्षांचा नेम. देवाच्या फुलांसाठी त्या नुसती दोन बोटं दाखवत, म्हणजे दोन हात लांब मल्लीची, मोगऱ्याची, माळ. हेमावती मुद्दाम मोठ्यानं म्हणे, “मी भाव सकाळीच वाढवते. अम्माला घासाघीस करता येत नाही तेव्हा!” आणि वर एक गुलाब फुकट टाके. गजरे गुंफताना दोरा काचून तिच्या उजव्या तर्जनीला चिरा पडत, त्या पिकत. चार कॅप्सूल घेतल्या की बोट उतरे. तीनदा उतरलं. चौथ्यांदा उतरलं नाही. हात मनगटापर्यंत सुजला, ताप चढला, तेव्हा तिची मुलगी कीर्तना तिला सरकारी रुग्णालयात घेऊन गेली.

सोमवारी सकाळी अन्नपूर्णाबाई रसमभाताचा डबा घेऊन तिला पाहायला गेल्या. बोट कापून पू काढला होता. खाटेपाशी डॉक्टर रिपोर्ट वाचत उभा होता.

“नेहमीच्या औषधांना हा जंतू दादच देत नाही. आधी कुठल्या गोळ्या घेतल्यास? कुणी दिल्या?”

हेमावतीनं एकदा, एकदाच, अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं. “मीच घेतल्या सर, दुकानातून.”

“दोन गोळ्या खायच्या आणि स्वतःच डॉक्टर व्हायचं! कदाचित पेर काढावं लागेल, समजतंय का?” सगळा वॉर्ड वळून बघू लागला. डॉक्टरनं अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं. “आणि या कोण?”

“आमची अम्मा. बारापर्यंत बोलत नाही, व्रत आहे तिचं,” हेमावती म्हणाली. त्या सुजल्या हातानिशी, वर मिरवल्यासारखं.

डॉक्टरनं हात जोडले.

अन्नपूर्णाबाईंनीही जोडले. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मौनात लिहायची वही आणि पेन्सिल त्यांच्या पिशवीतच होती. ती त्यांनी बाहेर काढली नाही.

बारा वाजून गेल्यावर त्या घरी आल्या. संध्याकाळी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी रेवा आली. मूळची साताऱ्याची, एका प्रयोगशाळेत जंतूंच्या तपासण्या करणारी. बाई देवापुढे माळ गुंफत बसल्या होत्या. कीर्तनानं पाठवलेला रिपोर्टचा फोटो त्यांनी पुढे केला.

“हे काय आहे, रेवा मा? मला समजेल असं सांग.”

रेवानं वाचलं, मग त्यांच्या बोटांकडे पाहिलं. “काकू, जंतू स्वतःभोवती एक भिंत गुंफत असतो, अशीच गाठीला गाठ मारून. गाठी मारणारी प्रथिनं असतात त्याच्या अंगात. ते त्याचे हात समजा. पेनिसिलिनच्या जातीचं औषध म्हणजे डिंक लावलेली खोटी कळी. खरी समजून उचलली की बोटं चिकटली, गुंफणं थांबलं. भिंत फाटते, जंतू मरतो.”

“मग हा का मेला नाही?”

“याच्याकडे एक जादा हात आहे. दुसऱ्या जंतूंकडून आलेला. त्या हाताला खोटी कळी चिकटत नाही. बाकीचे हात अडकले तरी हा गुंफतच राहतो. थोड्या गोळ्या खाल्ल्या की साधे जंतू मरतात आणि असल्यांना जागा मोकळी मिळते.”

अन्नपूर्णाबाईंनी माळ खाली ठेवली, खणातली डबी काढली आणि सगळं सांगितलं. कॅप्सूल, एकादशी, चार वेळा, आणि वहीचंही. सोळा सोमवारांतले सात करून उरलेले कुणी डबीत ठेवले असते, तर आपण त्याला काय म्हटलं असतं, हे त्यांना आज पहिल्यांदा सुचलं, आणि कान तापले.

“तुमच्याच गोळ्यांनी झालं असं कुणी छातीठोक सांगणार नाही,” रेवा म्हणाली. “बाहेरूनही आला असेल. पण काय घेतलं, किती घेतलं, हे डॉक्टरांना खरं कळायला हवं. चिठ्ठी लिहून पाठवा ना.”

“नाही. तिला तो डॉक्टर तोंडानं बोलला, सगळ्यांदेखत. ती माझ्यासाठी खोटं बोलली, तेही तोंडानंच. तो दहाला येतो. बारानंतर सापडत नाही.”

“मग?”

“उद्या दहाला सांगते. तुला शब्द देते. आणि ही डबी पुन्हा भरणार नाही.”

मंगळवारी त्यांनी पूजा उरकली. फुलं नव्हती, गल्लीच्या तोंडाशी हेमावतीचा फुलं मांडायचा पाट उलटा घालून ठेवलेला होता. डबी पिशवीत घातली. वही देवापुढे ठेवली, तिथेच राहू दिली.

नाक्यावरच्या शेअर ऑटोवाल्यानं त्यांना ओळखलं आणि नेहमीप्रमाणे चिठ्ठीसाठी हात पुढे केला. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

“सरकारी आस्पत्री,” अन्नपूर्णाबाई हळूच म्हणाल्या, आणि आत बसल्या.