थांबलेलं जहाज

"विनी, आज तू वर्गात नको येऊस," कोटाची बटणं लावता लावता कॅप्टन पेनहॅलो म्हणाले. "बाळाला गार वारा बाधेल."

"बाळाचं निमित्त नको, बाबा. लायनेलबद्दल तुम्ही काय बोलणार, ते मला ऐकायचंय."

म्हाताऱ्याने टोपी उचलली. विनिफ्रेडने छोट्या ह्यूच्या छातीवर हात ठेवून पाहिलं. घरघर होतीच. त्याला शालीत गुंडाळून तिने बाबागाडीत ठेवलं.

पोर्ट्समथमध्ये तिच्या वडिलांना 'कागदी कॅप्टन' म्हणत. उमेदीत त्यांनी जहाजं धक्क्याला घासली होती, आणि समुद्र खवळला की ते अंथरूण धरत. पण नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांच्या वर्गात समुद्र समजावून सांगावा तो त्यांनीच. "समुद्र म्हणजे रस्ता," ते म्हणत. "बेटं जिंकून काय लोणचं घालायचंय? रस्ता ज्याच्या हातात, त्याच्या घरी पाव. आणि रस्ता राखायचा तर आधी जहाजं राखा." याच वर्गातला लायनेल शंका विचारायला घरी येऊ लागला आणि जावई झाला.

गेल्या महिन्यात दोन जुन्या क्रूझर युद्धनौका गस्तीवर होत्या. जर्मन पाणबुडीने पहिली फोडली. दुसरीचा कप्तान लायनेल. पाण्यात माणसं ओरडत होती, आणि बुडत्याला हात द्यायचा ही दर्यावर्दींची पिढ्यान् पिढ्यांची रीत. त्याने इंजिनं थांबवून होड्या सोडल्या. उभ्या जहाजावर दुसरा टॉर्पेडो आला. लायनेल परतला नाही. गाव त्याला देवमाणूस म्हणत होतं, आणि विनिफ्रेड तेवढ्याच आधारावर उठत-बसत होती.

ती वर्गात येताच तरुण अधिकारी उभे राहिले. ह्यूला मांडीवर घेऊन ती दाराशी बसली. वडिलांनी फळ्यावर दोन जहाजं काढली.

"दुसऱ्या कप्तानाने काय करायला हवं होतं?"

शेवटी टर्व्हिल नावाचा लेफ्टनंट उठला. त्याचे कान लाल झाले होते. "त्यांनी केलं तेच, सर. कुणीही भला माणूस तेच करील."

"पाणबुडीवाल्यालाही ते ठाऊक होतं. म्हणून तर तो तिथून हलला नाही."

ह्यू खोकला. विनिफ्रेडने त्याला छातीशी घट्ट धरलं. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"चूक झाली. थांबायला नको होतं."

"आणि पाण्यातली माणसं?" टर्व्हिलने विचारलं.

"ओरडतील. तुम्हाला ऐकू येईल. तरी जायचं."

"तुम्ही गेला असता, सर?"

खडू ठेवून म्हाताऱ्याने हात कोटालाच पुसले. "माहीत नाही. मी कधीच चांगला खलाशी नव्हतो. पण तुम्ही लवकरच समुद्रावर जाणार. मी आज त्याला बरोबर म्हटलं, तर तुमच्यातला कुणीतरी थांबेल."

बाहेर पडल्यावर ती बाबागाडी ढकलत चढाकडे निघाली. मग वडिलांनी हळूच विचारलं, "खोटं बोलायला हवं होतं का गं?"

"नाही. त्या पोरांच्याही घरी कुणीतरी आहे. तुम्ही बरोबरच बोललात." तिने ह्यूची शाल सारखी केली. "पण आज तुमच्या तोंडाकडे मला बघवत नाही, बाबा. तुम्ही त्या बाजूने चला."

त्यांनी मान हलवली आणि रस्ता ओलांडला.

चढावर ह्यूला पुन्हा उबळ आली. गाडी थांबवून तिने त्याला खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. पलीकडची पावलंही थांबली. ती निघाली, पावलंही निघाली. थोडं पुढे गेल्यावर तिला पुन्हा थांबावं लागलं. या वेळी तिने हळूच पाहिलं. पलीकडे वडील उभे होते, टोपी हातात घेऊन, कुणाच्यातरी बागेच्या भिंतीकडे तोंड करून.