हळदीचं आवतण

आमच्या ‘खाजण’ बँडचा पहिला अल्बम आवडाबाईंना वाहिलेला आहे. कव्हरवर त्यांचा फोटो, आत त्यांची सात गाणी, त्यांवर माझी गिटार, रुचिताचे ड्रम्स आणि नको तेवढा गोंगाट. मुलाखतींत मी तोंड वर करून सांगायचो, अमेरिकेतल्या कापसाच्या शेतांतून जसं ब्लूज संगीत आलं, तशा आमच्या मिठागरांतून आवडाबाई आल्या. वाक्य बरं होतं. टाळ्या मिळायच्या.

आवडाबाई धवलारीण आहेत. आमच्या आगरी लग्नांत धवले गाऊन विधी पार पाडायचा मान धवलारणीचा. हळदीला त्या आधी देवांना आवतण देतात, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. माझ्या मोठ्या बहिणीच्या, हेमालीताईच्या हळदीला त्यांनी आमच्या मांडवात गायलेलं मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. बारा वर्षांनी त्यावरूनच आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं बसवलं. पाच नावं, प्रत्येकाला ‘मांडवाला या’ अशी हाक. मोरू, सोनूबाई ही पणजोबा-पणजीची नावं मला ठाऊक होती. शेवटच्या ‘सदा’वर मात्र मी घसा फाटेपर्यंत आवाज ताणायचो आणि लोक वेडे व्हायचे. हा सदा कोण, हे मी कधी विचारलं नाही. घरात त्याचा फोटो नव्हता, विषय नव्हता. सूर चांगला लागत होता, मला तेवढं पुरे होतं.

पहिला शो नागावच्या एका रिसॉर्टवर, संध्याकाळी. बाबांना पहिल्या रांगेत बसवलं. बाबांचा ट्रेलरचा धंदा, गाण्याबिण्याचा गंध नाही, पण कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी सदाच्या नावावर पोचलो आणि बाबा उठले. तडक बाहेर. पाचशे लोकांसमोर. माझं डोकं फिरलं. गाणं संपताच माईकवर म्हणालो, “बघा, आमच्याच माणसांना आमच्या गाण्याची लाज वाटते!”

टाळ्यांचा नुसता कडकडाट. मग काय, ते वाक्य मी तीन मुलाखतींत वापरलं. त्याचं रील झालं, बाबांच्या पाठीसकट. बाबांनी चकार शब्द काढला नाही. मी त्याला कबुलीच समजलो आणि त्यांच्याशी जेवणापुरतं बोलू लागलो.

परवा आवडाबाईंना मुंबईच्या कार्यक्रमाचं बोलावणं द्यायला गेलो. गाण्यांची परवानगी आधीच घेतली होती, “गा की बाबा” म्हणाल्या होत्या. ऐकवलं मात्र नव्हतं. त्या ओटीवर सुकट निवडत बसल्या होत्या. रुचिताने स्पीकर लावला. ड्रम्स वाजले तेव्हा त्या हसल्या, मानही डोलावली. मग नावं आली आणि सुपातला हात थांबला.

“लगीन कोनाचा हाय?”

“कोणाचं नाही, आजी. नुसतं गाणं आहे.”

“मंग त्यांना कशाला बोलवलास?”

मी वारसा, मानवंदना असलं काहीबाही बडबडलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बोलवल्यावर घराचा दार उघडा ठेवतान, पोरा. त्यांचा पान वाढतान. लगीन लागला का मी त्यांना परत पोचवतंय. त्याचा गाना येगला. तो नाय शिकलास?”

शिकणार कुठून? तेव्हा डीजे सुरू झाला होता आणि मी मोबाइल खिशात टाकून नाचायला पळालो होतो.

“किती येला बोलवलास?”

रुचिताने माझ्याकडे पाहिलं. चाळीस शो झाले होते. मी “दोन-चार” म्हणालो. आजीच्या वयाच्या बाईशी मी खोटं बोललो, तेही तिच्याच ओटीवर.

“आन सदालाबी?”

“सदा कोण, आजी?”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “तुझ्या बापाचा धाकटा भाव. नव वर्सांचा व्हता. मिठागरात भरतीचा पानी घेतान ना, त्या उघाडीत वडला गेला. धर्मानं हात धरलेला. सुटला.”

धर्मा म्हणजे माझे बाबा, धर्माजी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रुचिताने स्पीकर बंद केला.

घरी आलो तर बाबा अंगणात ट्रेलरच्या ताडपत्रीला ठिगळ लावत होते. मी समोर उभा राहिलो. माफी मागायची तर सुरुवात कुठून करायची ते कळेना.

“बाबा, सदाकाकांचं आज कळलं.”

सुई थांबली. “आवडाबायनं सांगितला?”

“तुम्ही का नाही सांगितलंत? मी सगळ्या जगासमोर तुम्हाला... तुम्हाला लाज वाटते म्हणालो.”

“लाज कसली? गाना चांगला हाय तुझा.” त्यांनी दोरा ओढून घेतला. “तू त्याला हाक मारलीस, आन आपल्या घराला कुलूप. पोरगा येल आन भायेर उभा रहील. म्हनून दार उघडाला आयलो.”

मला त्यांच्याकडे बघवेना. “आणि नंतरच्या शोंना?”

“तारखा मोबाइलवर येतान ना तुझ्या. त्या दिवशी मी घर सोडत नाय.” बाबांनी पुन्हा सुई खुपसली. “शनिवारी हाय ना परत? किती वाजता बोलवशील त्याला, ता सांगून ठेव.”